बीडची साखर आणि पाचाचं कोडं

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. त्यांनी तोडलेल्या उसाच्या साखरेचा प्रत्येक दाणा हा स्फटिक असतो. त्यावर क्ष-किरण सोडले की पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते. हे विवर्तन-चित्र. आतल्या अणूंची मांडणी त्यावरून कळते, आणि त्यात गमतीही पुष्कळ!

● टोकं वेगळी, ठिपके सारखे. साखरेच्या स्फटिकाची दोन टोकं एकसारखी नसतात. तरी चित्रात केंद्राच्या समोरासमोरचे ठिपके जवळपास सारख्याच तेजाचे दिसतात! हा नियम फ्रान्सच्या जॉर्ज फ्रिडेल यांनी १९१३ मध्ये मांडला.

● पाचाला मज्जाव. आपल्या अक्षाभोवती फिरवला तर एका फेरीत मिठाचा स्फटिक चार वेळा, तर काळ्या पाषाणाच्या पोकळीतली गारगोटी तीन वेळा जशीच्या तशी दिसते. बर्फ सहा वेळा. पाचाची सममिती मात्र नाही! स्फटिकात तोच साचा फट न ठेवता पुन्हा पुन्हा यावा लागतो; सुसम पंचकोनी फरश्या जोडा, मध्ये फटी राहतातच.

● तीन प्रश्नचिन्हं. ८ एप्रिल १९८२ रोजी इस्रायलचे डॅन शेख्तमन अमेरिकेत ॲल्युमिनियम-मँगनीजचा मिश्रधातू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. विवर्तन-चित्रात ठिपके दहा-दहाच्या कड्यांत! त्यांनी वहीत दहाची नोंद केली आणि पुढे तीन प्रश्नचिन्हं काढली.

● पाचाचे दहा. मांडणीत पाचाची सममिती होती. प्रत्येक ठिपक्यासमोर जुळा ठिपका आला आणि दहा झाले. साखरेला लागू पडणारा नियम इथेही!

● भारताची मोहोर. क्रमानं पुन्हा पुन्हा न येताही शिस्तबद्ध असणाऱ्या या पदार्थांना क्वासिक्रिस्टल म्हणतात. एका दिशेनं नियमित आणि बाकी प्रतलात दहाची सममिती असलेला त्यांचा प्रकार १९८५ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या चट्टोपाध्याय, रंगनाथन आणि सहकाऱ्यांनीही स्वतंत्रपणे शोधला.

● आकाशातून, स्फोटातून. रशियात पडलेल्या खातिर्का उल्केत नैसर्गिक क्वासिक्रिस्टल मिळाला. १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीत वितळून काचेसारख्या झालेल्या वाळूतही तो सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं.

● व्याख्याच बदलली. दोनदा नोबेल मिळवणाऱ्या लायनस पॉलिंग यांनी शेख्तमन यांना कडवा विरोध केला. पण १९९२ मध्ये स्फटिकाची व्याख्या विवर्तन-चित्रातल्या स्पष्ट ठिपक्यांवर बेतली गेली आणि २०११ मध्ये शेख्तमन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

शिक्षकांनो, वर्गात पुठ्ठ्याचे सुसम पंचकोन कापून मुलांना जमीन भरायला सांगा. फट कुठे राहते ते त्यांनाच शोधू द्या. शेख्तमन यांची गोष्ट त्यानंतर सांगा.