थंडीची वाट पाहणारं रोप
बेरीवर्गीय फळपिकं : लेखांक ४

द्राक्षवेलीची एप्रिल आणि ऑक्टोबर छाटणी गेल्या आठवड्यात पाहिली. वेलीनं कधी फुटायचं आणि कधी घड धरायचा, हे तिथं बागायतदाराची कात्री ठरवते. स्ट्रॉबेरीच्या शेतात कात्रीचा असा वचक नाही. हे रोप दिवसाची लांबी आणि हवेतला गारवा यांचंच ऐकतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या शेतकऱ्यानं आपलं अख्खं वर्ष त्याच्या या हट्टाभोवती बसवलं आहे.

रोप जेमतेम वीतभर उंच. मातीलगत आखूड, जाडसर खोड असतं, त्याला शेतकरी ‘क्राऊन’ म्हणतात. पानं, मुळं, फुलं सगळं त्यातूनच निघतं. हवा उबदार आणि दिवस मोठे असले, की पानांच्या बेचक्यातले डोळे लांबलचक रनर सोडतात. रनर जमिनीवरून सरपटत जातो आणि एक पेर सोडून पुढच्या पेरावर नवं रोप धरतो. त्याची मुळं मातीत रुजली, की ते आईपासून तोडून वेगळं लावता येतं. ही पिल्लं गुणानं हुबेहूब आईसारखी निघतात. बियांपासून उगवलेल्या रोपांची तशी खात्री नसते, म्हणून लागवडीसाठी रनरचीच रोपं वापरली जातात.

पुढं दिवस आखडतात, रात्री गार होतात आणि रोपाचा कल बदलतो. रनर सोडणं मंदावतं, बाजूला नवे क्राऊन फुटतात आणि शेंड्यात फुलकळी तयार होऊ लागते. युरोपात उन्हाळ्यातला दिवस सोळा-सोळा तासांचा असतो, त्यामुळे तिथं दिवस आखडणं ही रोपासाठी मोठी खूण ठरते. महाबळेश्वरात मात्र वर्षातला सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या आसपासच असतो. इथं खरा हुकूम चालतो तो तापमानाचा. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या या पठाराला स्ट्रॉबेरी मानवली त्यामागं हेच कारण आहे.

आता शेतकऱ्याचं कॅलेंडर पाहू. परदेशातून आणलेली मातृरोपं पावसाळ्याच्या सुमाराला रोपवाटिकेत लागतात. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्यात कोवळी रोपं सडतात, म्हणून अनेक जण रोपवाटिका खाली वाईकडच्या कमी पावसाच्या भागात करतात. उष्ण हवेत मातृरोपं भराभर रनर सोडतात आणि ते पिशव्यांत रुजवले जातात. पाऊस ओसरला, की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही रोपं वर पठारावर येतात. तिथं गादीवाफे, त्यावर मल्चिंग पेपर आणि खाली ठिबकच्या नळ्या तयार असतात. थंडी पडू लागते तशी फुलं दिसतात. फूल उमलल्यापासून फळ पिकायला साधारण महिना लागतो. तोडणी मार्च-एप्रिलपर्यंत चालते. उन्हाळा तापला, की रोप पुन्हा रनरच्या मागं लागतं आणि शेतकरी वाफा मोकळा करतो. इथं लावले जाणारे वाणही सौम्य थंडीच्या प्रदेशांतले आहेत. ‘स्वीट चार्ली’ आणि ‘विंटर डॉन’ फ्लोरिडाचे, तर ‘कॅमरोसा’ कॅलिफोर्नियाचा.

आता फळाकडे वळू. आपण जो लाल गर खातो तो फुलाचा फुगलेला देठ, म्हणजे पुष्पासन आहे. वर टोचून बसवल्यासारखे दिसणारे पिवळट दाणे हीच खरी फळं, आणि प्रत्येकाच्या पोटात एक बी असते. या दाण्यांतून ऑक्सिन हे संप्रेरक पाझरतं आणि त्याच्या बळावर खालचा गर फुगतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जाँ निच यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे दाणे कोवळ्या फळावरून खुडून काढले, तेव्हा फळाची वाढ थांबली. मोजकेच दाणे ठेवले तर तेवढाच भाग फुगला. सगळे दाणे काढून त्या जागी ऑक्सिनचा लेप दिला, तर वाढ पुन्हा सुरू झाली.

वेड्यावाकड्या स्ट्रॉबेरीचं कोडं इथंच सुटतं. फळाच्या दबलेल्या बाजूकडे निरखून पाहिलं, की तिथले दाणे बारीक, पोचट आणि एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. बहुतेक वेळा त्या बाजूच्या स्त्रीकेसरांपर्यंत पराग पोहोचलेला नसतो. म्हणून फुलोऱ्याच्या काळात शेताजवळ मधमाश्यांचा वावर असणं मोलाचं. एकाच घोसातलं पहिलं फळ सर्वांत मोठं का, याचंही उत्तर दाण्यांत आहे. घोसातल्या पहिल्या फुलात स्त्रीकेसर सर्वाधिक असतात आणि मागाहून येणाऱ्या फुलांत ते कमी होत जातात.

परागाअभावी या पिकाचा इतिहासही काही काळ अडून बसला होता. चिलीतल्या स्पॅनिश तटबंदीची टेहळणी करायला गेलेला फ्रेंच लष्करी अभियंता फ्रेझिए १७१४ साली परतला, तो मोठ्या फळांच्या तिथल्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन. लांबच्या प्रवासात पाच रोपं तगली. ती वाढली, फुलली, पण फळं धरेनात, कारण सगळी मादी होती. पुढं उत्तर अमेरिकेतून आलेली व्हर्जिनियन स्ट्रॉबेरी त्यांच्या शेजारी आली आणि दोघींच्या संकरातून आजची बागायती स्ट्रॉबेरी जन्मली. हा संकर ओळखून १७६६ साली स्ट्रॉबेरीवर ग्रंथ लिहिणारा आंत्वान निकोला द्युशेन तेव्हा विशीचाही नव्हता. चिलीची रोपं आणि व्हर्जिनियाचा पराग यांचं हेच लेकरू आज पाचगणीजवळच्या भिलार गावातल्या वाफ्यांत फळतं. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

ग्राहकासाठी एक गोष्ट महत्त्वाची. केळं किंवा आंबा घरी आढीत पिकतो, स्ट्रॉबेरी तशी पिकत नाही. तोडल्यावर तिचा रंग थोडा गडद होतो, पण गोडी वाढत नाही. म्हणून खोका घेताना फळाच्या टोकाकडे पाहून भुलू नका. हिरव्या टोपीखालचा भाग पांढरा असेल, तर ते फळ लवकर तोडलेलं आहे. टोपीपर्यंत लाल झालेली फळं निवडा आणि दोन दिवसांत संपवा. पुढच्या आठवड्यात तुती.