16 पिनांपासून 76 संपर्कांपर्यंत

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्यांनी सीआरओ, म्हणजे ऑसिलोस्कोप, हाताळला, त्यांच्यापैकी बहुतेकांसमोर एकसंध पेटी असायची. पडदा, बटणं, प्रोब लावायला दोन सॉकेटं, संपलं. पण 1954 पासून साधारण 1990 पर्यंत जगातल्या नामांकित प्रयोगशाळांतला स्कोप दोन तुकड्यांचा असे. पडदा, वीजपुरवठा आणि शेवटचा अ‍ॅम्प्लिफायर मेनफ्रेममध्ये; मोजायचा संदेश आत घेणारा भाग मात्र खणासारखा बाहेर ओढता येणाऱ्या प्लग-इनमध्ये. सूक्ष्म संदेशासाठी एक प्लग-इन, एकाच वेळी दोन रेघा पाहायला दुसरं, दोन संदेशांतला फरक पाहायला तिसरं. एवढ्यासाठी तीन स्कोप घ्यायची गरज उरली नाही.

ही पद्धत रुळवली ती अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या टेक्ट्रॉनिक्सने. हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी इतर सहकाऱ्यांसह 1946 मध्ये पोर्टलंडला ही कंपनी काढली. तिच्या स्कोपांबद्दल बोलताना लोक पडद्याबद्दल आणि बँडविड्थबद्दल बोलतात. मला मात्र वाटतं, त्या 35 वर्षांची खरी कहाणी प्लग-इनच्या पाठीवर आहे. मेनफ्रेमने काय पुरवायचं, प्लग-इनने काय परत द्यायचं, याची सीमा कुठे आखली, यावर त्या स्कोपचं आयुष्य ठरत गेलं.

पहिली सीमा 530 आणि 540 मालिकांत आखली गेली. 1954 चा 535, पाठोपाठ 545. प्लग-इन आत सरकवायचं आणि खालचा अ‍ॅल्युमिनियमचा नॉब फिरवायचा. स्क्रू प्लग-इनला आत ओढून घेई, आणि पाठीवरचा 16 पिनांचा अँफेनॉल ‘ब्लू रिबन’ कनेक्टर जागेवर बसे. यातले संपर्क गोल पिनांचे नसतात. चपट्या, स्प्रिंगसारख्या पट्ट्या एकमेकींवर घासत बसतात. त्यामुळे किंचित तिरकं बसलं तरी चालतं आणि दर खेपेला संपर्क आपोआप घासून साफ होतो. आपल्याकडच्या कचेऱ्यांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला तारेच्या दोन कड्यांनी अडकवायची जी रुंद केबल असे, तिचा कनेक्टर याच कुळातला, आकाराने लहान.

या 16 पिनांतून काय जायचं ते पाहण्यासारखं आहे. मेनफ्रेमकडून +350, +225, +100 आणि −150 व्होल्ट. व्हॉल्व्हचे तंतू तापवायला 75 व्होल्टचा डीसी पुरवठा, कारण एसीवर तापवलेल्या तंतूचा गुणगुणाट नाजूक संदेशात शिरतो. उलट दिशेने, 1 आणि 3 क्रमांकांच्या पिनांवरून, संदेशाची जोडी: एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. पडद्यावरच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे या जोडीत 0.1 व्होल्टचा फरक पडला पाहिजे, आणि दोन्ही पिना जमिनीपासून सुमारे 67.5 व्होल्ट वर तरंगत राहिल्या पाहिजेत. हा आकडा विचित्र दिसतो, पण व्हॉल्व्हच्या मंडलात तो स्वाभाविक आहे. मध्ये कपॅसिटर घातला तर डीसी पातळी हरवते. म्हणून प्लग-इनच्या शेवटच्या व्हॉल्व्हचं व्होल्टेज जिथे येऊन थांबतं, तिथूनच मेनफ्रेमच्या पहिल्या व्हॉल्व्हने संदेश उचलायचा, असं ठरलं.

दोन रेघांच्या प्लग-इनसाठी आणखी दोन निरोप लागत. आळीपाळीने रेघ काढायची असेल, तर एक फेरी संपली की मेनफ्रेम ‘आता दुसरा चॅनेल’ असा पल्स देई. एकाच फेरीत दोन्ही चॅनेल झपाट्याने आलटूनपालटून दाखवायचे असतील, तर प्लग-इन मेनफ्रेमला सांगे की बदलाच्या त्या क्षणी किरण विझव, म्हणजे मधली उडी दिसणार नाही.

या मोजक्या अटी पाळल्या की आत काय भरायचं याला मोकळीक होती, आणि टेक्ट्रॉनिक्सच्या अभियंत्यांनी ती भरभरून वापरली. प्लग-इनना इंग्रजी अक्षरांची नावं होती. जी हे फरक मोजणारं, सीए दोन रेघांचं, एम चार रेघांचं, क्यू स्ट्रेन गेजसाठी, ओमध्ये ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर, एन सॅम्पलिंगचं. 1960 च्या दशकात 1ए मालिकेची ट्रान्झिस्टरची प्लग-इनं आली आणि तीही त्याच 16 पिनांवर, त्याच 67.5 व्होल्टच्या पातळीवर बसवली गेली. ट्रान्झिस्टरला 350 व्होल्टचं काय करायचं होतं? तरीही नव्याने जुन्याचा शब्द पाळला. यंत्रं बदलायची सक्ती न करता एका पिढीचं तंत्रज्ञान दुसऱ्या पिढीच्या पेटीत बसवणं, हे मला त्या काळातलं सर्वांत सभ्य काम वाटतं.

त्या शब्दाला मर्यादाही होती. 580 मालिकेची मेनफ्रेम इतकी वेगवान होती की जुनी जोडणी तिला पुरेना. तिला नवी प्लग-इनं आली, आणि जुनी वापरायची असतील तर मध्ये टाइप 81 हा अ‍ॅडॅप्टर. तो लावला की प्लग-इन पेटीच्या बाहेर डोकावत राही.

560 मालिकेत सीमा अगदी दुसऱ्या टोकाला नेली. इथे 24 पिनांच्या कनेक्टरमधून प्लग-इनचा संदेश थेट पिक्चर ट्यूबच्या डिफ्लेक्शन प्लेटवर जाई. मेनफ्रेममध्ये उभा अ‍ॅम्प्लिफायर नाही, आडवाही नाही. वीजपुरवठा आणि ट्यूब एवढंच. पेटी स्वस्त झाली, पण प्रत्येक प्लग-इनला किरण वळवण्यापुरते मोठे व्होल्ट स्वतः तयार करावे लागले, आणि वेगही बेताचाच राहिला. मला ही सीमा चुकीच्या जागी आखलेली वाटते. एका ठिकाणचा खर्च वाचवून तो ग्राहकाच्या दर प्लग-इनवर चढवला गेला.

मग 1969 मध्ये 7000 मालिका आली आणि सगळं नव्याने मांडलं गेलं. ब्लू रिबन गेला. प्लग-इनच्या सर्किट बोर्डाचीच कडा सोन्याचा मुलामा देऊन मागे काढली. दोन्ही बाजूंना 38, एकूण 76 संपर्क. पुरवठा ±50, ±15 आणि +5 व्होल्टचा. संदेशाची जोडी आता शून्य व्होल्टभोवती, प्रत्येक बाजूला 50 ओहम, पडद्यावरच्या एका भागामागे 50 मिलिव्होल्ट. 67.5 चं ओझं उतरलं. ट्रिगरचा संदेशही वेगळ्या संपर्कांवरून येऊ लागला. सगळे खण सारखे, त्यामुळे उभ्या अक्षाचं प्लग-इन आडव्या खणातही बसे.

सर्वांत सुंदर गोष्ट मात्र वेगळीच होती. प्लग-इन आता मेनफ्रेमला स्वतःच्या बटणांची स्थितीही कळवू लागलं, तीही मायक्रोप्रोसेसरशिवाय. मेनफ्रेम दहा कालखंडांत एकामागून एक −15 व्होल्टचे पल्स पाठवी. प्लग-इनमधले रोध त्यांचा प्रवाह बनवत, 0.1 मिलिअ‍ॅम्पिअरच्या पायऱ्यांत: 150 किलोओहमचा रोध म्हणजे एक पायरी, 75 चा म्हणजे दोन. एक प्रवाह तक्त्यातली ओळ सांगे, दुसरा स्तंभ. दोन्ही जिथे मिळतील ते अक्षर पडद्यावर उमटे. अक्षरं घडवणाऱ्या चिप बॅरी गिल्बर्ट यांच्या, ज्यांचा ‘गिल्बर्ट सेल’ रेडिओ अभियंत्यांना ठाऊक असतो. प्रोब लावायच्या सॉकेटभोवतीही एक धातूची कडी होती. दहापट प्रोबची छोटी पिन तिला टेकली की पडद्यावरचा आकडा दहापट होई. विद्यार्थी आजही हा गुणाकार विसरतात. त्या स्कोपने तो काही रोधांच्या जोरावर सांभाळला.

1970 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 7104 मध्ये याच ठरलेल्या जोडणीतून 1 गिगाहर्ट्‌झचा संदेश गेला. दहा वर्षांपूर्वी कागदावर आखलेली सीमा एवढं पेलेल, अशी 50 ओहमची जागा आधीच राखून ठेवली होती, हे त्या आराखड्याचं श्रेय.

पुढची 11000 मालिका 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातली. तिथे प्लग-इनमध्ये मायक्रोप्रोसेसर बसला आणि तो मेनफ्रेमशी अंकांत बोलू लागला. पण तोवर संदेशाचे लगेच आकडे करणाऱ्या चिप प्रोबच्या सॉकेटजवळ ओढल्या जात होत्या. वाढत्या वेगाला मधला प्रत्येक सांधा अडथळा वाटू लागला, आणि एका चिपमध्ये मावणारं काम खणात घालायची गरजही संपली.

त्या काळातली यंत्रं आजही छंदिष्टांच्या टेबलांवर चालतात. 545 दुरुस्त करणारा झाकण उघडतो तेव्हा आत चांदीमिश्रित सोल्डरची छोटी रीळ टांगलेली सापडते. सिरॅमिक पट्ट्यांवरची चांदी साध्या सोल्डरमध्ये विरघळू नये, म्हणून कंपनीने ती कारखान्यातूनच दिलेली. 7000 मालिकेत खराबी शोधताना पहिलं काम ठरलेलं: प्लग-इन बाहेर काढायचं, सोन्याच्या कडा अल्कोहोलने पुसायच्या, परत सरकवायचं. आणि प्लग-इन चालू असताना आतून तपासायचं असेल, तर तेच 76 संपर्क बाहेर आणून देणारा एक्स्टेंडर लावायचा.