स्पीकर पुन्हा पुन्हा का ‘जातो’?

शिक्रापूरच्या एका बाजूला सणसवाडीचे कारखाने, दुसरीकडे शेतीपंप. मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवे मंदावतात, हे इथे कोणालाच नवं नाही. तरीही संगणकाचा स्पीकर दुसऱ्यांदा गेला की आपण शिव्या देतो त्या स्पीकरलाच.

गैरसमज : आवाज गेला म्हणजे स्पीकर जळाला.
वस्तुस्थिती : आधी तोच स्पीकर मोबाइलला जोडा. वाजला, तर दोष संगणकात आहे. एचडीएमआयने मॉनिटर जोडल्यावर विंडोज अनेकदा आवाज तिकडे वळवतं. साउंडच्या सेटिंगमध्ये आउटपुट बदललं की काम होतं. मोबाइलवरही वाजला नाही, तर पिनेजवळची वायर हलवून पाहा. सतत वाकून ती आतून तिथेच तुटते.

गैरसमज : कंपनीच भिकार.
वस्तुस्थिती : वेगवेगळ्या कंपन्यांचे स्पीकर एकाच सॉकेटवर जात असतील, तर संशय सॉकेटवर घ्यावा. घरात वीज २३० व्होल्टच्या आसपास हवी. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या सेटला तिचा चढउतार थेट जाणवतो. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला अ‍ॅडॉप्टर कमी दाब सहज झेलतो. सर्वांत घातक म्हणजे डीपीकडून (परिसरातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरकडून) येणारा न्यूट्रल तुटणं. तेव्हा एखाद्या घरात दाब ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. स्पीकरबरोबर टीव्ही किंवा बल्बही गेले असतील, तर वायरमनला न्यूट्रल तपासायला सांगा आणि महावितरणकडे तक्रार नोंदवा.

गैरसमज : स्पाइक गार्ड आहे, मग काळजी नाही.
वस्तुस्थिती : त्यातला घटक क्षणभराचा झटका शोषतो आणि दर झटक्यागणिक झिजतो. तासभर टिकणारा कमी-जास्त दाब तो सुधारत नाही. ते काम स्टॅबिलायझरचं. न्यूट्रल तुटल्यावर तर दाब मर्यादेबाहेर जाताच वीज तोडणारं उपकरणच कामाला येतं. साध्या एक्स्टेन्शन बोर्डात यातलं काहीच नसतं.

गैरसमज : ‘गुंsss’ आवाज येतो म्हणजे स्पीकर संपला.
वस्तुस्थिती : आवाजाची वायर काढा आणि वीज चालू ठेवा. गुणगुण राहिली, तर बहुधा सेटच्या वीजपुरवठ्याच्या भागातला कपॅसिटर सुकलेला असतो, आणि तो बदलता येतो. गुणगुण थांबली, तर वायर किंवा अर्थिंग पाहा. लॅपटॉपचा चार्जर काढताच आवाज स्वच्छ झाला, तर दोष त्याच वाटेने येतोय. मोबाइल जवळ ठेवल्यावरची टर्र-टर्र मात्र रेडिओलहरींची. तिने स्पीकर बिघडत नाही.

गैरसमज : खोक्यावर वॅट जास्त, म्हणजे स्पीकर दणकट.
वस्तुस्थिती : ‘पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल ताकद) हा आकडा जाहिरातीचा, पाहायचा तो ‘आरएमएस’ (सतत देता येणारी ताकद). फक्त यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरचं गणित सोपं आहे : साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. त्यातून वरातीचा आवाज मागितला की आवाज फाटतो आणि आतली कॉइल तापते. आवाज फाटू लागला की लगेच कमी करावा.

वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार राहतो, म्हणून सेट घरी उघडू नये. मोबाइल, वायर आणि दुसऱ्या खोलीतलं सॉकेट या तीन चाचण्यांना खर्च शून्य येतो. त्या झाल्याशिवाय नवा स्पीकर घेऊ नका. मूळ दोष घरातच राहिला, तर तोही त्याच वाटेने जाईल.