प्राण्यांचा आहार आणि त्यांची वर्गवारी

आहारावरून प्राण्यांचे शाकाहारी, मांसाहारी आणि मिश्राहारी असे तीन मुख्य गट पडतात. प्राणी मुख्यतः कशावर जगतो, यावरून त्याचा गट ठरतो. हरिणे कधीमधी हाडे चघळतात, वाघही अधूनमधून गवत खातो. पण तेवढ्याने त्यांचा गट बदलत नाही.

शाकाहारी प्राण्यांमध्ये तृणभक्षी, पर्णभक्षी, फलभक्षी असे पोटभेद आहेत. गवत आणि पाने यांतले सेल्युलोज पचायला अवघड असते. गाय, गवा, हरीण यांच्या जठराला त्यासाठी चार कप्पे असतात. पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव सेल्युलोजचे विघटन करतात आणि अर्धवट चावलेला चारा रवंथ करताना पुन्हा दाढांखाली येतो.

मांस पचायला त्यामानाने सोपे, त्यामुळे मांसाहारी प्राण्यांचे आतडे आखूड असते. बिबट्याच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून सरकतात आणि मांस कापतात. या गटातही पोटभेद आहेत. खवले मांजर कीटकभक्षी आहे. त्याला दातच नसतात. लांब, चिकट जिभेने ते मुंग्या आणि वाळवी टिपते.

रानडुक्कर, कावळा आणि माणूस मिश्राहारी आहेत. जे हंगामात मिळेल त्यावर असे प्राणी भागवतात. भारतातले स्लॉथ अस्वल वाळवी, मध, बोरे, मोहाची फुले असे सारे खाते. त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी श्वासासरशी ओढून घेते.

प्राण्याचे कूळ आणि त्याचा आहार यांची गल्लत मात्र करू नये. अस्वल आणि चीनमधला पांडा हे दोघेही प्राणिशास्त्रात मांसभक्षी गणात मोडतात, तरी पांडा जवळजवळ पूर्णपणे बांबूवर जगतो. त्याचे आतडे मांसाहारी प्राण्यांसारखे आखूडच राहिल्याने खाल्लेल्या बांबूचा थोडाच भाग पचतो आणि त्याला दिवसाचा बराच वेळ खाण्यात घालवावा लागतो.

मृत प्राण्यांवर जगणाऱ्यांना मृतभक्षी म्हणतात. गिधाड हे त्याचे ठळक उदाहरण. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन भारतातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मोठ्या संख्येने मेली. 2006 मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. कोणता प्राणी काय खातो हे नेमके कळले, तरच त्याला वाचवण्याचा मार्ग सापडतो.