राखेखालचा विस्तव : वार्धक्य आणि जीर्ण दाह

ज्यांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवते, त्या गुरुवर्यांनी आम्हां विद्यार्थ्यांना एक शिस्त लावली होती : शब्दाचा अर्थ नीट कळल्याखेरीज त्यावर मत देऊ नये. मी आयुष्यभर भाषेचा अध्यापक. वैद्यकाचा अधिकार मला नाही. परंतु सत्तरी ओलांडल्यावर ‘दाह’ ह्या एका शब्दाने मला गाठले आणि तो समजून घेण्याची खटपट करणे भाग पडले. समवयस्क वाचकांस तिचा काही उपयोग व्हावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

निमित्त घरगुती होते. गुडघे दुखू लागले तेव्हा औषधांच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून मी कोणासही न विचारता जवळजवळ दीड वर्ष रोज घेत राहिलो. पुढे रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले आढळले. डॉक्टर म्हणाले, “सर, गुडघ्याचा दाह शमवता शमवता तुम्ही मूत्रपिंडांना इजा करून घेतलीत.” गोळ्या बंद झाल्या, प्रश्न मात्र उरला. दाह हा जर शत्रू, तर त्याला शमवल्याने अपाय का व्हावा?

रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकातच दाहाची चार लक्षणे नोंदवली आहेत : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. बोटात काटा मोडला की ही चारही आपण अनुभवतो. त्यांमागचा हेतू उमगण्यास मात्र १८८२ साल उजाडावे लागले. सिसिलीतील मेसिना येथे मेच्निकोफ ह्या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो फिरत्या पेशींनी त्या काट्याला गराडा घातलेला! दाह ही शरीराने उभारलेली संरक्षणाची फळी आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. वार्धक्याच्या अभ्यासाला स्वतंत्र शास्त्राचे नावही ह्याच गृहस्थांनी दिले, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

काटा निघाला, जखम भरली, की दाहाने निवावे, हा निरोगी देहाचा नियम. वाढत्या वयात पुष्कळदा तो पुरता निवत नाही. लाली नाही, ताप नाही, बहुधा वेदनाही नाही. पण रक्तात इंटरल्यूकिन-६ आणि यकृतात तयार होणारे सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन ही द्रव्ये थोडी वाढलेलीच राहतात. ह्या अवस्थेस इटलीतील क्लाउदिओ फ्रान्चेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाह व वार्धक्य ह्या दोन शब्दांचा सांधा जुळवून एक नाव दिले. मराठीत मी तिला ‘जीर्ण दाह’ म्हणेन. ‘जीर्ण’ म्हणजे जुने झालेले, तसेच पचलेलेही. ‘अजीर्ण’ हा शब्द त्यातूनच आला. शरीराला न पचलेला दाह तोच जीर्ण दाह, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

हा विस्तव धुमसत राहण्याची कारणे अनेक आहेत. मानवी पेशी ठराविक वेळाच विभागतात, हे हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले. अशा थकलेल्या पेशींपैकी काही ना विभागतात, ना मरतात. उलट दाहाला चेतवणारी द्रव्ये सोडत राहतात. पोटातील चरबीही अशी द्रव्ये निर्माण करते. तंबाखू, हिरड्यांचे दुर्लक्षित विकार आणि बैठी राहणी त्यांत भर घालतात. रोहिणीकाठिण्य, मधुमेह, स्नायूंची झीज ह्या साऱ्यांशी जीर्ण दाहाचे नाते आढळले आहे.

मग तो विझवूनच का टाकू नये? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने ह्याचे उत्तर दिले. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि दाह वाढलेल्या १०,०६१ रुग्णांपैकी काहींना दाहाचा एक संदेश अडवणारे इंजेक्शन देण्यात आले. त्याच्या एका मात्रेने हृदयविकार, पक्षाघात आदी घटना सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. परंतु इंजेक्शन घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. माझ्या गोळ्यांचेही तसेच. ज्या द्रव्यांमुळे गुडघा दुखतो व सुजतो, त्याच जातीची द्रव्ये जठराचे अस्तर राखतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा सांभाळतात. गोळीला हा भेद कळत नाही.

‘वय झाले, चालायचेच’ ही दुसऱ्या टोकाची समजूतही तितकीच घातक आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इटली व सिंगापूर येथील वृद्धांची तुलना बोलिव्हियातील चिमाने आणि मलेशियातील ओरांग अस्ली ह्या लोकांशी करण्यात आली. पहिल्या दोन ठिकाणी वयाबरोबर दाह वाढत होता व जुनाट आजारांशी त्याचा संबंध दिसत होता. उरलेल्या दोन समाजांत जंतुसंसर्गामुळे दाह पुष्कळ होता. पण तो वयानुसार वाढत नव्हता. म्हणजे जीर्ण दाह हा सर्वस्वी वयाचा अटळ भोग नव्हे. राहणीचाही त्यात मोठा वाटा असावा.

म्हणून करण्याजोग्या गोष्टी साध्याच आहेत. रोज चालावे, पोटाचा घेर आटोक्यात ठेवावा, तंबाखू व मिश्री सोडावी, दात-हिरड्या दाखवून घ्याव्यात. साखर व रक्तदाब तपासत राहावे. दुखणे अंगावर काढू नये, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून वेदनाशामक गोळी रोजची करू नये.

माझ्या लहानपणी आई रात्री चुलीतला निखारा राखेने झाकून ठेवी. विस्तव विझला तर सकाळी शेजारी मागायला जावे लागे; उघडा राहिला तर घराला धोका. देहातल्या अग्नीचीही निगा अशीच राखावी लागते, हे कळायला मला एक रक्ततपासणी लागली. ‘शब्द नीट समजून घे’ म्हणणाऱ्या गुरुवर्यांचे ऐकून हा शब्द मी दीड वर्ष आधी समजून घेतला असता, तर बरे झाले असते. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.