ओलं फडकं

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतून काळीपिवळी पद्मिनी गेली आणि मला बोरघाट आठवला. अब्बांची पद्मिनीही कुर्ल्याच्या कारखान्यातलीच. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, म्हणून पुढच्या सीटवर आम्ही तिघं. खोपोली सोडली की उन्हाळ्यात शिंग्रोबापाशी ती थांबायची. त्या काळच्या कितीतरी गाड्या थांबत, दोष घाटाचा. पेट्रोलचा पंप इंजिनालाच जोडलेला. चढणीवर १०८९ सीसीचं इंजिन तापे, नळीत पेट्रोलची वाफ होई. पंप पेट्रोल ढकलतो. वाफ नुसती दबते, फुगते. कार्बोरेटर कोरडा! उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. अम्मीला पुण्याच्या इस्पितळात नेताना तांब्यात शेवटचं पाणी उरलं होतं. ती म्हणाली, ‘आधी गाडीला पाजा.’ पुण्यापर्यंत ती तहानलेलीच होती.