‘त्यांचा’ ताप आणि इंग्रजीतला ‘हिज’

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. हे तापाने फणफणले होते आणि कचेरीत रजेची चिठ्ठी पाठवायची होती. मी बी.ए. झालेली, तेव्हा ऐटीत इंग्रजीतून लिहिलं की ‘देअर फीवर’ अजून उतरला नाही. चिठ्ठी वाचून तिथल्या कारकुनाने विचारलं म्हणे, “घरात किती माणसं आजारी आहेत?” ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं!

चूक कुठे झाली? नवऱ्याला ‘त्याचा’ म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून ‘त्यांचा’. त्याचं मी सरळ ‘देअर’ केलं. पण इंग्रजीत आपल्यासारखं आदराचं बहुवचन नाही. एका पुरुषाचं ते ‘हिज’, एका बाईचं ते ‘हर’. मग मामंजी असोत, सासूबाई असोत की धाकटी नणंद. यात कुणाचाही अपमान होत नाही, बरं का!

मुलांची चूक वेगळी असते. ‘तिचा भाऊ’ याचं ती हमखास ‘हिज ब्रदर’ करतात, कारण भाऊ पुरुष! मराठीत तिचा भाऊ, तिची बहीण, तिचं घर असं चा-ची-चं पुढच्या शब्दाप्रमाणे बदलतं. इंग्रजी मात्र फक्त मालकाकडे बघतं. हर ब्रदर, हर सिस्टर, हर हाउस. आपण भांड्यांवर नाव घालतो ना, तसंच हे. तांब्या असो, वाटी असो की पातेलं, नाव मालकिणीचंच!

तिसरा घोटाळा ‘आपला’चा. ‘रमेशने आपलं दप्तर उचललं’ इथे मुलं ‘अवर बॅग’ लिहून मोकळी होतात. अशा वेळी एकच प्रश्न विचारा, आपलं म्हणजे कुणाचं? रमेशचं, म्हणून ‘हिज’. ‘मी आपलं काम केलं’ यात ‘माय’. आणि पाहुण्यांना ‘आपलं नाव काय?’ विचारलं तर ‘युअर’.

आता ‘माय’ आणि ‘माइन’. पुढे वस्तूचं नाव असेल तर ‘माय’, नसेल तर ‘माइन’. धिस इज माय बुक. धिस बुक इज माइन. तसंच हर-हर्स, अवर-अवर्स, युअर-युअर्स, देअर-देअर्स. ‘हिज’ तेवढा दोन्हीकडे सारखाच. वस्तूच्या किंवा प्राण्याच्या मालकीचं ‘इट्स’ लिहिताना ‘टी’ आणि ‘एस’च्या मध्ये वरचा स्वल्पविराम देऊ नये, दिला की त्याचा अर्थ ‘इट इज’ होतो.

हे पाठ करत बसू नका. संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना मुलांना जवळ बसवा. बाबांचा शर्ट उचलून विचारा, “हूज शर्ट?” उत्तर, “हिज.” आजीचं लुगडं, “हर्स.” सगळ्यांची चादर, “अवर्स.” आठ दिवसांत जीभ वळते.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शिकलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणींनी इंग्रजीचं तोंड पाचवीत पाहिलं. त्यामुळे गृहपाठाची वही पुढे आली की “बाबांना विचार” म्हणून आपण स्वयंपाकघरात वळतो. मैत्रिणींनो, या वेळी वळू नका. वही हातात घ्या, आणि आधी विचारा, “हे नक्की कुणाचं?” निम्मं उत्तर तिथेच मिळतं.